नागमोडी रेघ

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने छापलेल्या महाभारतातला आदिपर्वाचा खंड एकदा हाती घेऊन पाहा. ग्रंथ जड आहे, टेबलावर ठेवूनच वाचावा लागतो. पानाच्या वरच्या भागात मोठ्या टायपात श्लोक आणि खाली बारीक अक्षरांची दाट वीण. कोणत्या पोथीत कोणता शब्द निराळा आहे, कुठे ओळच गळाली आहे, कुठे एखादा श्लोक जास्तीचा घातला आहे, याची ती नोंद. कित्येक पानांवर श्लोक मोजकेच आणि टिपांनीच बहुतेक पान व्यापलेले. जरा वाकून पाहिले की वरच्या श्लोकांतल्या काही शब्दांखाली, कधी दोन-तीन अक्षरांपुरतीच, एक नागमोडी रेघ दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, छपाईत काहीतरी बिघडले. पण ती रेघ संपादकाने जाणूनबुजून काढली आहे. इथे मी हा शब्द घेतला आहे, पण माझी पुरती खात्री नाही, असे ती सांगते.

ज्या ग्रंथासाठी संस्थानिकांनी पैसे दिले, युरोपातल्या पंडितांची नजर ज्याच्याकडे लागली होती, ज्याच्यावर अख्ख्या देशाचा जीव होता, त्या ग्रंथात संपादकाने स्वतःची शंका छापून ठेवली. लपवली नाही, आणि तिच्यापायी अडूनही राहिला नाही. आपल्याला काही जमेल की नाही, या प्रश्नाने हात आखडून बसलेल्या प्रत्येकाने ही रेघ पाहावी, असे मला फार दिवसांपासून वाटते.

या संस्थेपासून दोन-तीन किलोमीटरवर सदाशिव पेठ आहे, शास्त्री रोड आहे. तिथल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमध्ये पहाटेपासून दिवे लागतात. सोलापूर, बीड, नंदुरबार, गडचिरोलीहून आलेली मुले-मुली पातळ फळीचा आडोसा केलेल्या टेबलांवर डोके खाली घालून बसलेली असतात. त्यांच्याशी बोलले की अभ्यासाच्या गोष्टी दोन मिनिटांत संपतात आणि एकच प्रश्न पुढे येतो: माझे होईल ना? घरून फोन आला की तोच प्रश्न, गावच्या पारावर तोच प्रश्न. जागा थोड्या आणि इच्छुक अफाट असतात, तेव्हा ही धास्ती खोटी म्हणता येत नाही. ‘स्वतःवर विश्वास ठेव’ असे सांगून ती जातही नाही. विश्वास काही कोणी पुडीत बांधून देत नाही. म्हणून मला या मुलांना व्याख्यान द्यावेसे वाटत नाही. त्यांच्याच शहरात सत्तेचाळीस वर्षे चाललेल्या एका कामाची हकिगत सांगावीशी वाटते.

सगळ्या पोथ्या ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायची कल्पना मुळात युरोपातली. १८९७ मध्ये पॅरिसला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत मोरिट्झ विंटरनिट्झ यांनी ती मांडली. पुढे तिथल्या अकादमींनी ती उचलली, योजना आखल्या आणि हाइनरिश ल्यूडर्स यांनी १९०८ मध्ये नमुन्याची काही पाने छापूनही दाखवली. मग १९१४ चे महायुद्ध आले आणि योजना तिथेच विरली. मोठमोठ्या अकादमींना जे पेलले नाही, ते १९१७ मध्ये जन्मलेल्या, अजून धड दोन वर्षेही न झालेल्या पुण्यातल्या एका संस्थेने अंगावर घेतले. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपये देऊ केले. १ एप्रिल १९१९ रोजी सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी स्वहस्ते मंगलश्लोक लिहून कामाला आरंभ केला. त्या दिवशी भांडारकर ८१ वर्षांचे होते. छापील आदिपर्वाचे पहिले पान आपल्याला दिसणार नाही, हे त्या वयाच्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही. १९२५ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. आदिपर्वाचा पहिला भाग छापून आला १९२७ मध्ये.

मधल्या काळात एक गोष्ट घडली, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. त्या वेळचे संपादक नारायण बापूजी उटगीकर यांनी १९२३ मध्ये विराटपर्वाची एक कच्ची आवृत्ती तयार केली. ती कच्चीच आहे, असे सांगूनच छापली आणि जगभरच्या विद्वानांकडे पाठवली, चुका काढा म्हणून. आपल्याकडे कच्चे काम दाखवणे म्हणजे नाचक्की समजतात. मुले वहीसुद्धा हाताने झाकून लिहितात. संस्थेने पहिले पाऊलच असे टाकले की चुकण्याची परवानगी आधी स्वतःला दिली. जे शेरे आले त्यांतून शिकून पुढची पद्धत ठरली. विराटपर्वाचे काम नंतर पुन्हा पहिल्यापासून झाले आणि रघुवीर यांच्या संपादनाखाली १९३६ मध्ये ते प्रसिद्ध झाले. उटगीकरांची मेहनत वाया गेली, असे मी मुळीच म्हणणार नाही. पुढच्या सगळ्या खंडांचा पाया त्या कच्च्या पुस्तकात आहे.

१९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित शिकलेला हा माणूस बर्लिनला जाऊन संस्कृत व्याकरणात डॉक्टर झाला, आणि तेही ज्यांनी युरोपात नमुन्याची पाने छापली त्याच ल्यूडर्स यांच्या हाताखाली. गुरूची युरोपात अडलेली योजना शिष्याने पुण्यात, लॉ कॉलेज रोडच्या माळावर मार्गी लावली. पस्तिशी ओलांडलेले सुखटणकर कामाला बसले, तेव्हा पुढ्यात नुसत्या आदिपर्वाच्या २३५ पोथ्यांची माहिती जमा झाली होती. काश्मीरच्या शारदा लिपीतल्या, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांतल्या. कोणती ताडपत्रावर, कोणती कागदावर. एकीचा मेळ दुसरीशी नाही. दक्षिणेतले आदिपर्व उत्तरेतल्याहून कितीतरी लांब.

पोथ्या ताडून पाहण्याचे काम कसे चाले, ते सांगतो, कारण या हकिगतीचा सगळा जीव तिथे आहे. उभ्या-आडव्या रेघा आखलेला फुलस्कॅप कागद घ्यायचा. वरच्या ओळीत प्रचलित पाठातला एक श्लोक, अक्षरे सुटी करून लिहायचा. खाली प्रत्येक पोथीला एक आडवी ओळ. पोथी पुढ्यात उघडायची आणि अक्षरामागून अक्षर तपासत जायचे. जिथे निराळे अक्षर सापडेल तिथे ते त्याच्या नेमक्या उभ्या रकान्यात, मूळ अक्षराच्या बरोबर खाली भरायचे. उजवीकडे शेऱ्यांसाठी चार इंच रुंद पट्टी मोकळी ठेवलेली असे. समासात कोणी काही वाढवले आहे का, कुठे खाडाखोड आहे का, ते तिथे लिहायचे. मजकूर फार जास्तीचा सापडला तर तो वेगळ्या शोधपत्रावर उतरून कागदाला जोडायचा. मग दुसऱ्याने सगळे तपासायचे. प्रत्येक श्लोकासाठी किमान दहा पोथ्या, कित्येक ठिकाणी वीस, तीस, चाळीस. आदिपर्वाच्या पहिल्या दोन अध्यायांना तर साठ. काम करणारे होते शास्त्री आणि पदवीधर. पुण्यात, आणि पुण्याच्या जोडीला शांतिनिकेतनात व तंजावरच्या सरस्वती महालात. एक श्लोक संपला की दुसरा कागद. ग्रंथ मात्र लाखाचा म्हणून ओळखला जाणारा.

या टेबलावर बसलेल्या माणसाला महाभारत पुरे होईल का, असा प्रश्न पडला असेल तर त्याचे उत्तर त्या दिवशी कोणाकडेच नव्हते. संस्थेकडे नाही, सुखटणकरांकडे नाही, पैसे देणाऱ्या संस्थानिकांकडे तर नाहीच. पण शारदा पोथीतले हे सातवे अक्षर ‘त’ आहे की ‘न’, या प्रश्नाचे उत्तर पोथीवर नीट प्रकाश पाडला तर मिळत होते. माझ्या समजुतीप्रमाणे ते काम तगले ते यामुळे. पहिल्या प्रश्नापाशी थांबला असता तो माणूस घरी गेला असता. दुसरा प्रश्न त्याला रोज सकाळी परत आणत होता.

पाठ कसा ठरवायचा याचे शास्त्रही याच धीमेपणातून आले. काश्मीरची पोथी आणि केरळची पोथी, दोघींमध्ये सगळा देश पसरलेला. दोघींनी एकमेकींकडून उसने घेतल्याची खूण नाही आणि तरी दोघींत तोच शब्द असेल, तर तो शब्द जुना समजायचा. जिथे दोघी दोन वाटांनी जातात, तिथे साधकबाधक विचार करून एक पाठ वर घ्यायचा आणि त्याच्याखाली नागमोडी रेघ ओढायची. बाकीचे पाठ खाली टिपेत, सगळेच्या सगळे. फेकून काही द्यायचे नाही. उद्या कोणाला माझ्याहून चांगले सुचले तर त्याच्या हाताशी सगळा पुरावा असावा, ही त्यामागची वृत्ती.

याउप्पर शंका बाहेरूनही आल्याच. फ्रान्सचे सिल्व्हाँ लेव्ही हे त्या काळातले केवढे मोठे नाव. मूळ पाठ शोधण्याचा नाद सोडा, टीकाकार नीलकंठाचा प्रचलित पाठ छापा आणि खाली पाठभेद द्या, एवढ्यावर समाधान माना, असा सल्ला त्यांनी दिला. एखाद्याने अशा माणसाच्या शब्दापुढे मान तुकवली असती. सुखटणकरांनी १९३३ मध्ये आदिपर्व पुरे केले आणि त्याला जोडलेल्या दीर्घ प्रस्तावनेत लेव्हींना सविस्तर उत्तर दिले. त्या प्रस्तावनेत आढ्यता सापडत नाही. व्यासांनी उच्चारलेले शब्द मी तुम्हाला देतो आहे, असा दावा ते करत नाहीत. आज हाती असलेल्या पोथ्यांच्या जोरावर जितके मागे जाता येते तितका मागचा पाठ मी दिला आहे, एवढेच ते म्हणतात. आपल्या कामाचा आवाका नेमका किती, हे ज्याला ठाऊक असते त्याला टीकेने उन्मळून पडण्याचे कारण उरत नाही.

आणि मग नेपाळहून एक पोथी आली. आदिपर्व छापून काही वर्षे झाली होती. राजगुरू हेमराज पंडित यांच्या संग्रहातली ही पोथी आदिपर्वाच्या ज्ञात पोथ्यांमध्ये सर्वांत जुनी ठरली. संपादन करताना काही थोड्या ठिकाणी सुखटणकरांनी कोणत्याच पोथीत नसलेला शब्द, सगळ्या भेदांच्या मुळाशी तोच असला पाहिजे अशा तर्काने, पाठात घेतला होता. त्यांतले काही शब्द या नेपाळी पोथीत जसेच्या तसे सापडले. काही सापडले नाहीत, हेही खरे. त्यांनी पोथीवर सविस्तर लेख लिहिला, पडताळा कुठे जुळला आणि कुठे नाही हे दोन्ही मांडले आणि ते आरण्यकपर्वाकडे वळले. मला या प्रसंगातला आनंद फार मोठा वाटतो. ज्याची शब्दांखाली स्वतःची शंका नोंदवायची तयारी असते, त्याच माणसाच्या पदरात असा पडताळा पडला तर तो शोभून दिसतो.

आरण्यकपर्व १९४२ मध्ये पुरे झाले. पुढच्या जानेवारीत संस्थेचा रौप्यमहोत्सव झाला. मुंबईत महाभारताच्या अर्थावर सुखटणकरांची चार व्याख्याने ठरली होती, तीन झाली. चौथे व्हायच्या आत, २१ जानेवारी १९४३ रोजी, त्यांचे अचानक निधन झाले. वय ५५. अठरा पर्वांपैकी चार छापून झाली होती.

शेवटाच्या तागडीत घालून मोजले तर हे अपुरे आयुष्य म्हणावे लागेल. तसे ते कोणी म्हणत नाही. कारण त्यांच्यामागून काम हाती घेतलेल्या श्रीपाद कृष्ण बेलवलकरांनी नवी पद्धत शोधली नाही, सुखटणकरांनी आखलेल्या कागदांवरच पुढची ओळ लिहिली. सभापर्व अमेरिकेतल्या फ्रँकलिन एजर्टन यांनी केले, द्रोणपर्व बंगालच्या सुशीलकुमार डे यांनी, कर्णपर्व परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी, सौप्तिकपर्व ह. दा. वेलणकरांनी. गीता ज्यात येते ते भीष्मपर्व बेलवलकरांचे. म्हणजे कर्म आणि फळ यांबद्दलचा जो श्लोक आपण उठल्यासुटल्या एकमेकांना ऐकवतो, तोही याच कागदांवरून गेला. त्याचीही अक्षरे चौकोनांत बसवली गेली आणि पोथ्यांशी ताडून पाहिली गेली. पुढे प्रमुख संपादकपद वैद्यांकडे आले. रा. ना. दांडेकर पन्नासहून अधिक वर्षे संस्थेचे सचिव राहिले, पैसे आणि माणसे जमवत राहिले. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत आवृत्ती पुरी झाल्याचे जाहीर झाले. १२५९ हस्तलिखिते, १९ खंड.

ती पुरी झाली तेव्हा सगळ्यांना आवडलीच असे नाही. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची कथा मुख्य पाठात नाही, परिशिष्टात गेली. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट मागे टाकलेली पाहून अनेकांना वाईट वाटले आणि त्यात चुकीचे काही नाही. पण संपादकांनी लोकांना काय आवडेल ते आधी ठरवून पोथ्या उघडल्या नव्हत्या. पोथ्यांनी जे सांगितले ते त्यांनी मान्य केले, आणि पोथ्यांनीच नंतर वाढवलेलेही जपून ठेवले. परिशिष्ट उघडा, गणपती तिथे आहे.

याच संस्थेने छापलेले भारतरत्न पां. वा. काणे यांचे धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंडही मला या संदर्भात आठवतात. काणे ‘व्यवहारमयूख’ या जुन्या धर्मशास्त्रग्रंथाच्या आवृत्तीला जोडायची प्रस्तावना म्हणून लिहायला बसले होते. तिचा १९३० ते १९६२ असा बत्तीस वर्षांचा ग्रंथ झाला, तोही वकिली सांभाळून. एवढे लिहायचे आहे हे पहिल्या दिवशी कळले असते तर कोणाचीही छाती दडपली असती. त्यांच्यापुढे प्रत्येक वेळी होते ते पुढचे प्रकरण.

मला इथे अभ्यासिकेतल्या मुलांकडे परत यायचे आहे, पण त्यांना फसवायचे नाही. परीक्षेला निकाल असतो, वयाची अट असते, घरच्यांचे कर्ज असते. पोथ्या ताडणाऱ्या शास्त्र्याला महिन्याचा पगार होता, या मुलांना तो नाही. निकालाची पर्वा करू नका, असे त्यांना सांगणे निर्दयपणाचे होईल. मी एवढेच म्हणतो, की निकालाचा प्रश्न दिवसभर टेबलावर उघडा ठेवला तर त्याच्याखाली पुस्तक झाकून जाते. ‘माझे होईल ना’ याचे उत्तर आज रात्री तुमच्याकडेही नाही आणि परीक्षा घेणाऱ्या आयोगाकडेही नाही. आजच्या प्रकरणातले काय कळले नाही, याचे उत्तर आहे. त्या ओळीखाली पेन्सिलने एक नागमोडी रेघ ओढा आणि पुढच्या ओळीवर जा. रेघ ओढली म्हणून हरलात असे होत नाही. सुखटणकरांच्या आदिपर्वात अशा रेघा पानोपानी आहेत. आणि परीक्षेचे काहीही झाले तरी वाट बदलायची वेळ येईल तेव्हा नीट वाचायची, नेमके लिहायची, आपल्याला काय कळले नाही ते ओळखायची सवय बरोबर येते. घरच्यांनाही एक विनंती आहे. फोनवर ‘कधी होणार’ असे विचारण्याऐवजी आज काय वाचले, एवढे विचारा आणि ऐकून घ्या.

शेवटी पुण्याच्या दुसऱ्या टोकाची एक गोष्ट. येरवड्याला डेक्कन कॉलेजात सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ मध्ये संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचे काम सुरू केले. ऋग्वेदापासून पुढचे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून शब्द टिपायला पाव शतक गेले. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचा संदर्भ, त्याचा अर्थ. अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तिथल्या खणांमध्ये लावून ठेवल्या आहेत. कत्रे गेले, त्यांच्यामागून आलेले अमृत माधव घाटगेही गेले. पहिला खंड त्याआधीच, १९७६ मध्ये निघाला होता. आतापर्यंत पस्तीसच्या आसपास खंड आणि सहा हजारांहून अधिक पाने छापून झाली आहेत. त्या पानांतले शब्द ‘अ’ या अक्षराने सुरू होणारे आहेत.